रेडिएटरची दोन झाकणं

मिस्तरीनं माझ्या चहाच्या गंजात जीपचा थर्मोस्टॅट उकळायला टाकला, आणि अंडं कधी शिजतं ते पाहावं तशी मी गॅसपाशी उभी राहिले.

"पाणी तापलं का हा उघडला पाहिजे, काकी," तो म्हणाला. "नाही उघडला, तर हाच चोर."

उघडला. चिमणीच्या पिलानं चोच वासावी तसा हळूच उघडला.

"हा तर साधू निघाला," मिस्तरी म्हणाला, आणि माझा गंज तिथंच ठेवून पुन्हा जीपकडे गेला.

माझ्या भावाच्या नातवाचं लग्न होतं, ऐन वैशाखात. माहेर माझं दरेकशाच्या चढापलीकडे. मुलगा म्हणाला, एसी कार देतो. मी म्हटलं, जीपनंच जाईन. चोरखमाऱ्याच्या कालव्याखालच्या आमच्या गावापासून गोंदिया, आमगाव, सालेकसा असा सगळा रस्ता धानाच्या बांध्यांमधून सपाट. चढ काय तो शेवटी. आमची जीप सपाटीवर कधी तापली नाही आणि त्या चढावर मला घेऊन एकदाच काय ती न तापता गेली. इतक्या वर्षांचं तिचं दुखणं नेमकं काय, हे मला मरायच्या आधी कळायला हवं होतं.

म्हातारा ओसरीवर खुर्ची टाकून बसला होता. म्हातारा म्हणजे माझा नवरा. "जुनी गाडी हाय," तो तिथूनच म्हणाला. "तापनच. कायले खर्च करून राहिली?"

मिस्तरी काही ऐकणाऱ्यातला नव्हता. रेडिएटरच्या जाळीत धानाचा कोंडा गच्च बसला होता, तो त्यानं पाणी मारून काढला. पंख्याचा पट्टा दाबून पाहिला. पंप पाहिला, पाइप पिळून पाहिले. इंजिनाचं तेल बोटावर घेऊन मला दाखवलं. आत पाणी शिरलं असतं तर ते दुधासारखं झालं असतं म्हणे. ते काळंच होतं. मग त्यानं रेडिएटरचं झाकण उघडलं आणि उलटं करून पाहत राहिला.

"रबर नाही, स्प्रिंगमध्ये दम नाही. काकी, कुकरचं रबर काढून डाळ शिजवता का तुमी?"

"नाही बा."

"तसंच हे. आत दाब राहिला, तर पाणी लवकर उकळत नाही. ह्या झाकणात दाबच राहत नाही. सपाटीवर चालून जाते. चढ लागला, का बाहेर."

मग पाना शोधायला त्यानं सीटखालची पेटी उघडली. पान्याऐवजी हाती आली हिरव्या फडक्याची एक पुरचुंडी. त्यानं ती सोडली. आत दुसरं झाकण, तेल लावून ठेवलेलं.

"लो, चांगलं झाकण तर घरातच हाय! रबर अजून नरम. मंग ते फुटकं काऊन लावलं?"

ते फडकं मी ओळखलं होतं. माझ्याच जुन्या परकराचं होतं, आणि ते मी कितीदा तरी हातात धरलं होतं.

आता तेव्हाच्या मला तुम्ही एकदा पाहायला हवं होतं. अख्ख्या गावात एक जीप, आणि तिच्यात पुढच्या सीटवर मी, डोक्यावरचा पदर वाऱ्यानं उडू नये म्हणून दातात धरलेला. गोंदियाहून पॅसेंजर होतीच की. दरेकशाला उतरायचं, पुढे बैलगाडी, संपलं. पण जीपवाल्याची बायको पॅसेंजरनं जाते का? गेली तर तिचं नाक राहते का? असं नाक होतं माझं.

माहेरी निघायच्या सकाळी हे, म्हणजे आताचा म्हातारा, बॉनेट उघडायचे. "पाणी पाहून घेतो," म्हणायचे, आणि मला हाक मारायचे, "हे धर जरा." ती पुरचुंडी मी प्रसाद धरावा तशी दोन्ही हातांत धरून उभी राहायची. मग म्हणायचे, "ठेव पेटीत." मी पेटीत ठेवायची आणि शेजारणी पाहत आहेत की नाही ते चोरून पाहायची. माझ्या आईकडे मला न्यायचं म्हणून माणूस गाडीची किती काळजी घेतो!

मग दरेकशाच्या तिसऱ्या वळणावर वाफ. हे कपाळाला हात लावायचे. मी वळणावरच्या दगडावर बसायची आणि थोड्या वेळानं उठून इंजिनाला पदरानं वारा घालायची. इंजिनाला पदरानं वारा घालणारी बाई या जिल्ह्यात दुसरी झाली नसेल. पाणी निवलं की गाडी वळवायची, परत घरी. गाडी माहेरी पोहोचली असं वर्षात एखाद्या वेळी घडे, तेही वाटेत दोनदा उकळून.

मला वाटलं, ओझं होतं. आईसाठी आधी तांदळाचं पोतं न्यायची. मग अर्धं पोतं केलं. मग पिशवी. शेवटी शेवटी तर रिकाम्या हातानं निघू लागले. तरी वाफ. हेच चार मित्रांना कोंबून त्याच चढावरून कचारगडच्या जत्रेला जायचे तेव्हा तीच गाडी न तापता परत यायची. त्यावरून मी काय ओळखावं? मी ओळखलं की पनवती मीच आहे. बंपरला लिंबू-मिरची बांधली.

एका उन्हाळ्यात आईनं अंथरूण धरलं. दोनदा निघालो, दोनदा तिसऱ्या वळणावरून परतलो. तिसऱ्यांदा निघालो ते आई गेल्याचा निरोप आला म्हणून. त्या दिवशी जीप एका दमात चढ चढली. थेंबभर पाणी सांडलं नाही. परतल्यावर मी बॉनेटला कुंकू लावलं. म्हटलं, लोखंडालाही माया असते.

दोन्ही झाकणं घेऊन मी ओसरीवर गेले आणि म्हाताऱ्याच्या मांडीवर ठेवली.

"हे काय हाय?"

"मले काय आठवते आता?" त्यानं झाकणांकडे पाहिलंही नाही.

"आई गेली त्या दिवशी कोणतं लावलं होतं?"

"त्या दिवशी पहाटेच निघालो होतो. हवा थंड होती. म्हणून गेली गाडी."

खरं सांगते, हे खरं निघावं असं मला फार वाटत होतं. चांगलं झाकण लावूनही जीप त्या चढावर तापली असती, तर म्हातारा सुटला असता. आणि मीही सुटले असते. मग म्हटलं, पाहूनच टाकू. लग्न आठ दिवसांवर होतं. तेव्हाच बॅग भरली. मिस्तरीला चांगलं झाकण लावायला सांगितलं आणि गाडीही त्यालाच चालवायला लावली. मागे तांदळाचं पोतं टाकलं, सगळं. म्हाताऱ्याला हाताला धरून बसवलं. चढाशी पोहोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते आणि पळसाचं पान हलत नव्हतं.

पहिलं वळण. मी तापमानाच्या काट्यावरून नजर काढली नाही. ताप बाई, मनातल्या मनात म्हणत होते, एकदा ताप. दुसरं वळण. तिसऱ्या वळणावर माझा दगड अजून तिथंच होता.

"पाणी पाहून घ्यायचं का?" म्हातारा म्हणाला.

"बसा."

काटा मध्यावर होता, तो मध्यावरच राहिला.

माथ्यावर मिस्तरीनं गाडी थांबवली, बॉनेट उघडलं आणि खूश होऊन हाका मारू लागला, "काकी, या पाहा! थेंब नाही सांडला. कोण म्हणे ही बिमार हाय?"

आम्ही दोघं आतच बसून होतो.

"तू तिथून आली का आठ दिवस मुकी राहे," म्हातारा बाहेर पाहत म्हणाला. "घर खायले उठे मले."

"मंग तसं सांगायचं होतं."

"सांगतलं असतं, तरी गेलीच असती तू."

"हो. गेली असती."

माझ्या नातीला या गोष्टीत आबांचं प्रेम दिसतं. दिसो. तिची आई धडधाकट आहे.

दरेकशाच्या स्टेशनावर मी म्हाताऱ्याला पॅसेंजरचं तिकीट काढून दिलं आणि मुलाला फोन केला, बाबांना गोंदियाला उतरवून घे. गाडी आली तेव्हा पिशवीतून फुटकं झाकण काढलं.

"हे धरा जरा," मी म्हटलं.

त्यानं धरलं. खिडकीशी बसून विचारलं, "कधी येशीन?"

"पाहू. जीप तापली नाही तर येईन."

माहेरी पोहोचेतो ऊन उतरलं होतं. आई ज्या खांबाला टेकून बसायची, तिथं मी मिस्तरीकडून पोतं उतरवून घेतलं. भावाची सून धावत आली.

"आत्याबाई, एवढे तांदूळ! लग्नासाठी आणले का?"

मी हो म्हटलं.