दुसऱ्या पसंतीची कोरी चौकट

आमच्या शिवाजी पेठेतल्या वाचनालयाच्या माडीवर अभ्यासिका होती. घरात दोनच खोल्या आणि दिवसभर टीव्ही, म्हणून माझी मुलगी दोन वर्षं स्पर्धा परीक्षेचा अभ्यास तिथंच करायची. वाचनालयाच्या गेल्या निवडणुकीत अध्यक्षपदाला एक कंत्राटदार उभा राहिला. निवडून आलो की माडी लग्नाच्या हॉलला देणार, असं तो उघड सांगत होता.

माडी वाचवा म्हणणारे सभासद जास्त होते, पण आमचे गट दोन. पूर्वी एकच होतो. वर्धापनदिनाच्या डिजिटल फलकावर कुणाचा फोटो वर घ्यायचा, यावरून फुटलो. एका फोटोपायी चार वर्षं बोलणं बंद! आता दोन्हीकडून उमेदवार, म्हणजे मतं फुटून कंत्राटदार आयताच निवडून येणार.

मी शिक्षक. आमच्या शिक्षक मतदारसंघात पसंतीक्रमानं मत देतात. आवडत्याच्या नावापुढं एक लिहायचा, त्याच्यानंतर चालेल त्याच्यापुढं दोन. कुणालाच निम्म्याहून जास्त मतं नसली तर सगळ्यात मागचा बाद होतो आणि त्याची मतं दोनवाल्याकडं जातात. हीच पद्धत मी भांडून सभेत मंजूर करून घेतली. कंत्राटदार हसत म्हणाला, "घ्या की मास्तर, आमची काय हरकत न्हाय." तो आम्हाला पुरता ओळखून होता.

मग दोन्ही गटांना वेगवेगळं बसवून फळ्यावर शिकवलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. बाहेर पडून दोन्हीकडच्या पुढाऱ्यांनी आपापल्या माणसांना एकच निरोप दिला, "नुसता एक लिवा. दोन लिवून त्यास्नी कशाला मोठं करायचं?" आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करायची हौस आमच्या पेठेत फार. मी संतापून घरोघर फिरलो, हातापाया पडलो.

मतदानादिवशी दारातच दुसऱ्या गटाचा उमेदवार उभा होता, माझा जुना मित्र. मला बघून त्यानं तोंड फिरवलं. मी आत गेलो, एक लिहिला, दोनसाठी पेन टेकवलं आणि उचललं. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

मोजणीत आमचा उमेदवार तिसरा आला. त्याच्या मतपत्रिका पुन्हा उघडल्या. बहुतेकांवर दोन नव्हताच. अधिकारी "पुढं पसंती नाही" म्हणत एकेक बाजूला टाकत होते. त्यातली एक माझी, घोटीव अक्षराचा एक मी लांबूनही ओळखला. तेव्हा आलेली स्वतःची किळस अजून गेलेली नाही. कंत्राटदार थोडक्या मतांनी निवडून आला.

पुढच्या आठवड्यात माडी रिकामी करायला सांगितलं. मुलीची पुस्तकं आणायला मी बरोबर गेलो. जिना उतरताना ती म्हणाली, "बाबा, आपल्यातल्याच लोकांनी दोन लिहिला न्हाय म्हणं. तुम्ही तरी लिहिला होता न्हवं?"

"व्हय की," मी म्हणालो.

"म्हाईत होतं मला," ती म्हणाली आणि एक पिशवी माझ्या हातात दिली.