चित्रातला काळा पट्टा

कमी बोलणाऱ्या माणसाकडं किस्से फार साठतात. बोलणारे सांगून मोकळे होतात. माझ्या लग्नाला आठ महिने झालेत, आणि सासरच्या स्टुडिओतले एवढे साठलेत की आता जागा नाही.

स्टुडिओ शहापुरात, थोरल्या दिरांचा. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. जुन्या भजनांच्या कॅसेटींच्या ते ‘हाय-रेझ’, म्हणजे बारीकातला बारीक आवाज राखणाऱ्या, फाइली करून देतात. कॉम्प्युटरवर गाण्याचं चित्र उमटतं: खाली खर्ज, वर टिपेचे आवाज. जिथं आवाज नाही, तिथं काळं. माझं शिक्षण इलेक्ट्रॉनिक्सचं, म्हणून मला तिथंच चहा करायला बसवलं.

*

टिळकवाडीचे एक निवृत्त सर कुठूनशी हाय-रेझ फाइल घेऊन आले. म्हणाले, "ह्यात वरचं काही ऐकूच येत नाही."

चित्र बघितलं. सोळा हजार हर्ट्झच्या वर सुरीनं कापल्यासारखं काळं. "साधी एमपीथ्रीच फुगवून दिलीय कुणीतरी. तिच्यात वरचं आधीच कापलेलं असतं," मी म्हटलं.

अण्णा सरांकडं वळले. "सर, साठीनंतर तेवढं वरचं कुणालाच ऐकू येत न्हाय."

सर कानाच्या डॉक्टरचा पत्ता विचारून गेले.

*

निपाणीच्या एका मंडळाच्या रेकॉर्डिंगमध्ये चित्रभर फटी, कंगव्याच्या दातांसारख्या. अण्णांनी तीन दिवस केबली बदलल्या. मी म्हटलं, "एकच आवाज दोन माइकांत मागंपुढं शिरलाय. एका माइकचा ट्रॅक बंद करून बघा."

कुणी मान वळवली नाही.

दुसऱ्या दिवशी हेच वाक्य आमच्या ह्यांनी म्हटलं. फटी गेल्या.

"बघा," अण्णा म्हणाले, "ह्याला डोकं म्हणतात!"

ह्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. चहा लई भारी झालाय, एवढं म्हणाले.

*

टाळ गिऱ्हाइकाच्या कानाला टोचतो, म्हणून चित्रातला त्याचा वरचा पट्टा सरसकट कापायचा, ही अण्णांची पद्धत.

माझे वडील बोरगावच्या भजनात गायचे. ते गेले, आवाज एका कॅसेटवर उरला. ती मी माहेराहून आणून अण्णांना दिली. "ह्यातला टाळ तेवढा कापू नका. आई वाजवतेय."

"व्हय, व्हय," अण्णा म्हणाले. हेडफोन कानावर तसाच.

आठवड्यानं फाइल मिळाली. चित्राच्या वरच्या भागात रुंद काळा पट्टा. मी कॅसेट परत मागितली.

"आता हाय-रेझ झालंय की गं. कॅसेट कशाला? भंगारवाला घेऊन गेला."

*

गेल्या रविवारी आई आली. अण्णांनी हौसेनं मोठ्या स्पीकरवर लावून दाखवलं. वडिलांचा आवाज लख्ख. आईनं डोळे मिटले. मांडीवर तिचा हात ठेका धरायला लागला, आणि मग थांबला.

गाणं संपल्यावर तिनं मला हळूच विचारलं, "त्या दिशी मी भजनाला गेलो न्हवतो व्हय गं?"