सात नंबरची डिस्क आणि आक्कांचा झेंडू

गेल्या रविवारी लोहगावला एका डिस्कने माझी लाज राखली आणि दुसरीने आमच्या अहोंची घालवली. दसऱ्याच्या आधीचा रविवार होता... सांगतेच सगळं.

डिस्क गोल्फ म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर कमेंटमध्ये तेच विचारत बसाल. गोल्फच, पण बॉलऐवजी छोटी, जड, पातळ कडेची डिस्क फेकायची आणि लांब उभ्या केलेल्या साखळ्यांच्या टोपलीत घालायची. ऑफिसातल्या शलाकाने ग्रुप सुरू केला. पन्नाशी आली, गुडघे वाजतात म्हणून घरी बसणाऱ्यांतली मी नाही, त्यामुळे गेले. अहोही आले, मला शिकवायला.

खेळायची जागा तिथल्या शेतकरी आक्कांची. लोहगावच्या पुढे त्यांचं थोडं पडीक रान आहे, तिथे त्यांनी आम्हाला टोपल्या लावू दिल्या, एका शब्दावर. फक्त शेवटच्या टोपलीच्या वाटेवर डाव्या अंगाला त्यांचा झेंडू... दसऱ्याला मार्केट यार्डात जाणारा. सगळी मेहनत त्या एका आठवड्यासाठी.

आणि माझी डिस्क जायची डावीकडेच. निघताना सुसाट, मग घरी गॅस चालू राहिल्याचं आठवल्यासारखी वळायची आणि थेट वाफ्यात. त्याच्या आदल्या रविवारी तर फुलांनी भरलेलं एक झाड मोडलं.

आक्का ओरडल्या नाहीत, तेच वाईट. "आता एक जरी थाळी माझ्या झेंडूत पडली, तर टोपल्या उचला आन् खेळ दुसरीकडं न्या," एवढंच बोलल्या. पुण्यात दुसरीकडे म्हणजे कुठे... सोसायटीच्या पार्किंगमध्ये? सगळ्या ग्रुपचे चेहरे पडले आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

अहो म्हणाले, तू शेवटच्या टोपलीला बाजूला बस, आम्ही खेळतो. मी म्हटलं, बघू.

घरी येऊन शलाकाला फोन लावला. तिने पहिलाच प्रश्न केला, डिस्कवर आकडे कोणते आहेत? प्रत्येक डिस्कवर चार आकडे असतात, त्यातला पहिला वेगाचा. माझा बारा. ती जी हसत सुटली...

खरं सांगू का, दुकानात मी सगळ्यात मोठा आकडा बघून उचलली होती. जन्मभर मार्कशीटच बघितलेल्या माणसाला बारा हे सातापेक्षा चांगलेच वाटणार की नाही? तर तसं नसतं म्हणे. बाराची डिस्क तेवढ्याच जोरात फेकता आली तर सरळ जाते. जोर कमी पडला की लगेच डावीकडे कलंडते. मला सात पुरे, आणि वळण्याचे जे शेवटचे दोन आकडे असतात ते शून्याच्या आसपासचे हवेत.

सात आणली. खडकीला आमच्या क्वार्टर्सच्या मैदानावर रोज संध्याकाळी सुरू केलं. शलाकाचं सांगणं सोपं होतं... पळत यायचं नाही, डिस्क छातीपाशी सरळ रेषेत ओढायची, पुढची कड वर उचलायची नाही आणि जोर कमरेतून काढायचा. सांगायला सोपं. माझी डिस्क आधी नुसती वर चढायची आणि जवळच धप्पकन पडायची. समोरच्या काकूंनी गॅलरीतून विचारलं, काही हरवलंय का? म्हटलं, हो, दिशा.

मग एका संध्याकाळी दमून जोर लावायचाच सोडला, आणि डिस्क हातातून निघाली ती दोन अशोकांच्या मधून सरळ पार. मैदानात उभी राहून मी एकटीने टाळ्या वाजवल्या. एवढा आनंद मला प्रमोशनलासुद्धा झाला नव्हता.

बाराची डिस्क अहोंनी घेतली. डिस्कला काही झालेलं नाही, मनगटात दम लागतो, असं त्यांचं निदान.

रविवारी शेवटच्या टोपलीपाशी आलो तेव्हा आक्का झेंडूच्या कडेला पाटी घेऊन फुलं तोडत होत्या. हात थांबवून मला म्हणाल्या, "ताई, आधी तुम्ही." अहो कानाशी कुजबुजले, राहू दे गं. मी पाय रोवले, श्वास घेतला आणि फेकली. झेंडूच्या कडेकडेने, बांधाला धरून, अगदी सरळ... टोपलीच्या पायथ्याशी जाऊन बसली. आक्कांनी नुसती मान हलवली. मला तेवढी पुरली.

मग अहो. लांबून पळत आले, होता नव्हता तेवढा दम मनगटात आणला. डिस्क निघाली, वळली आणि झेंडूच्या मधोमध.

या वेळी सगळे अहोंकडे बघायला लागले. शलाकाने तर डोळेच मिटले. संपलं, आता टोपल्या उचलायच्या, असंच मला वाटलं.

आक्का वाफ्यात शिरल्या, झाडं चाचपून बघितली, डिस्क उचलून आणली आणि ती अहोंच्या नाही, माझ्या हातात दिली. "तुम्ही खेळा. सायबांना ठेवा माझ्याकडं. फुलं तोडायला माणूस कमीच हाय."

ऊन चढेपर्यंत अहोंनी झेंडू तोडला. एकही सल्ला न देता. निघताना आक्कांनी पिशवी भरून फुलं हातात दिली, दसऱ्याला दाराचं तोरण त्यांचंच झालं आणि ते अहोंनीच ओवलं. ओवता ओवता हळूच विचारलं, सातची अजून एक मिळेल का गं? म्हटलं, बघू.

आक्का, तुम्ही काही फेसबुकवर नाही, तरी लिहिते. ऐन दसऱ्याच्या तोंडावर तुम्ही आम्हाला हाकललं नाहीत, हे मी विसरणार नाही. तुमच्या झेंडूला आता आमची डिस्क शिवायची नाही... निदान माझी तरी.