खालच्या मजल्यावरची खोली

सीवूड्सला सकाळी फिरणाऱ्या आमच्या ग्रुपमध्ये एक गृहस्थ आहेत. सहल दोनच दिवसांची असली तरी आखणी त्यांचीच. दर वाक्याला "टेन्शन नाय" म्हणतात आणि सगळं टेन्शन स्वतः घेतात.

यंदा कोल्हापूर ठरलं. मिसळ कुठली खायची यावर बाकीचे वाद घालत होते. मी बाकाच्या टोकाला बसलो होतो. माझं हृदयाचं ऑपरेशन सगळ्यांना ठाऊक होतं; जिन्यावर अजून धाप लागते, हे मात्र मी सांगितलं नव्हतं.

त्यांनी बाकावरूनच हॉटेलला फोन लावला. "माझे गुडघे गेलेत हो. खोली खालच्याच मजल्यावर पायजे. रंकाळ्याला जायला रिक्षा सांगून ठेवा."

सगळे त्यांना हसले. त्यांनी शांतपणे वहीत त्या खोलीपुढे स्वतःच्या नावाखाली माझं नाव लिहिलं.

त्या फोनच्या आदल्याच दिवशी, मी सहलीला येणार नाही हे सांगायला त्यांच्या घरी निघालो होतो. इमारतीची लिफ्ट बंद होती. दुसऱ्या मजल्यावर मी कठडा धरून उभा होतो, तेवढ्यात सहाव्या मजल्यावरून ते भराभर उतरत आले. मला पाहून काही न विचारता पायरीवर बसले आणि म्हणाले, "बसू या जरा. मी पण दमलो."