खडकावरच्या सागाचं बी

भोपाळच्या आमच्या रोपवाटिकेतला माळी बैतूलकडचा आहे. झाडांविषयी तो घरच्या माणसांसारखं बोलतो. मी वाढत्या उन्हाचा आलेख दाखवला, की आदरानं मान डोलावतो आणि म्हणतो, "बरोबर आहे मॅडम, सागानं यंदा पानं लवकरच टाकली."

बी मात्र तो माझ्या यादीतल्या उंच, सरळसोट सागांचं आणत नसे. खडकावरच्या वाकड्यातिकड्या झाडांचं आणायचा. मी रागावले, तर म्हणाला, "त्यांनी कडक धूप पाहिलीय, मॅडम. या सरळवाल्यांचे लाडच झालेत."

शेवटी दोन्ही बियांच्या रांगा शेजारी शेजारी लावल्या. ऐन मे महिन्यात पंप बिघडला आणि आठवडाभर पाणी मिळालं नाही. माझी रांग करपली. त्याची बरीचशी रोपं उभी होती.

आता हा मला ऐकवणार, असं वाटलं. पण तो माझ्याच रांगेत उकिडवा बसून एका रोपाला गमछ्याची चिंधी बांधत होता.

"या मॅडम, तुमचंही एक टिकलंय. मोठं झालं, की याचं बी गोळा करू."

सागाला चांगलं बी धरायला पंधरा-वीस वर्षं लागतात. तो पुढच्या वर्षी रिटायर होतोय.