रिकाम्या सिलिंडरचा सोडा

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो, पण खरं सांगायचं तर चुका काढायला वाचतो. एकतीस वर्षं हायस्कूलला विज्ञान शिकवलं. देवचार, राखणदार असली भुतंखेतं, कुणाला काय दिसलं... गावात राहून हे सगळं कानावर येतंच. माझा कशावरच विश्वास नव्हता. आताही आहे असं म्हणणार नाही. पण गेल्या वर्षी आमच्याच स्वयंपाकघरात जे झालं ते मला कुठल्याच धड्यात बसवता आलेलं नाही, म्हणून लिहितोय.

आम्ही देवबागला राहतो. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधल्या पट्टीवर घर. मी रिटायर झाल्यावर बायकोने, फिलोमिनाने, दोन खोल्यांचा होमस्टे काढला. हल्ली पाहुण्यांना कोकम सरबतसुद्धा सोड्यात हवं असतं. घरी सोडा करायचं वेड परत आलंय सगळीकडे. म्हणून आमच्या मुलीने पुण्याहून एक मशीन पाठवलं. त्याला वीज लागत नाही. मागे गॅसचं छोटं सिलिंडर बसवायचं, पाण्याची बाटली अडकवायची आणि वरचं बटण दाबायचं. फुस्स करून आवाज येतो, पाणी फसफसतं... झाला सोडा.

त्याच सुमारास माझा मोठा भाऊ जुजे आमच्याकडे राहायला आला. दादाने लग्न केलं नव्हतं. बांद्याला वडलांचा गोटीसोड्याचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक खोली आणि हाताने फिरवायचं यंत्र. वडील अचानक गेले तेव्हा दादाने शाळा सोडून तो चालवायला घेतला, म्हणून मी कॉलेजात जाऊ शकलो. पुढे प्लॅस्टिकच्या बाटल्या आल्या आणि तो बंद पडला. आता त्याला पोटाचा आजार होता, अगदी पुढे गेलेला. डॉक्टरांनी घरीच ठेवा म्हणून सांगितलं होतं. साधी पेजसुद्धा पोटात ठरत नव्हती.

मशीन बघून तो आल्यापासून पहिल्यांदा हसला. स्वतः बटण दाबून अर्धा ग्लास सोडा केला आणि घोट घोट करून संपवला. तो मात्र ठरला. डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले बरं वाटतंय तर घेऊ दे. मग दिवसातून तीन-चार वेळा भिंतीला धरून तो स्वयंपाकघरात यायचा, सोडा करायचा आणि त्यावर चार चमचे पेजही घ्यायचा. फिलोमिनाशी बांद्याच्या जुन्या गोष्टी बोलत बसायचा. माणूस सावरतोय असं वाटायला लागलं.

एका सकाळी मी माझ्यासाठी म्हणून बटण दाबलं, तर आवाजच नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. सिलिंडर काढून फिलोमिनाच्या केकच्या वजनकाट्यावर ठेवलं. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्यावरच कोरलेलं असतं. काटा बरोबर त्याच आकड्यावर. म्हणजे गॅस संपला. मालवणात चौकशी केली, मिळेना. गोव्यातून मागवलं, तर गॅस असल्यामुळे यायला आठवडा लागेल म्हणाले.

रिकामं सिलिंडर मी परत मशीनला लावून ठेवलं होतं. दादाला सांगायचं कसं, हा विचार करत अंगणात होतो. आत आलो तर तो टेबलाशी बसून सोडा पीत होता. ग्लासात बुडबुडे वर येत होते.

मला वाटलं, थोडा गॅस राहिला असेल. पुन्हा वजन केलं. तेच. बटण मी दाबलं, फिलोमिनाने दाबलं... काही नाही. दुपारी दादा आला, त्याने दाबलं, फुस्स. बाटली पाण्याने भरलेली मी, जोडलेली मी. दाबायची तऱ्हा वेगळी असेल म्हणून दुसऱ्या दिवशी मदत करतो असं सांगून त्याच्या बोटांवर माझी बोटं ठेवून दाबलं. आवाज आला. त्याचा हात निघाला, माझा तसाच राहिला, आणि आवाज बंद.

मी चुन्याची निवळी केली. शाळेत प्रत्येक वर्षी करून दाखवायचो तीच. दादाच्या बाटलीतला वायू नळीने तिच्यात सोडला, निवळी पांढरी दुधाळ झाली. म्हणजे कार्बन डायऑक्साइडच. खरा. आणि सिलिंडरचं वजन मात्र ग्रॅमभरही हललं नव्हतं.

दादाला यातलं काहीच माहीत नव्हतं. फिलोमिनाने मला बजावलं होतं, त्याला काही सांगू नका. जेवतोय ना तो, जेवू दे. मी हो म्हणालो. पण सहा दिवस हे डोक्यात घेऊन फिरणं... झोप नाही, दुसरं काही सुचत नाही. सातव्या दिवशी सकाळी तो बटणाकडे हात नेत होता आणि माझ्याकडून राहवलं नाही. म्हटलं, "दादा, तू नेमक्या काय करतंस रे? ह्येच्यातलो गॅस संपान सात दिस झाले."

त्याला वाटलं मी थट्टा करतोय. मी सिलिंडर काढून काट्यावर ठेवून दाखवलं. त्याने सिलिंडरवर कोरलेल्या आकड्यावर बोट ठेवून तो काट्याशी ताडून पाहिला.

"मगे मी पितंय तां काय?" त्याने विचारलं.

मी सिलिंडर परत बसवलं. त्याने बटण दाबलं. काही नाही. जोर लावून दाबलं, दोन्ही हातांनी दाबलं. बाटलीतलं पाणी तसंच राहिलं. फिलोमिनाने चुलीवरची पेज उतरवून ठेवली. दादा म्हणाला, "ऱ्हवांदे." आणि भिंतीला धरून खोलीत गेला.

नवीन सिलिंडर दुसऱ्याच दिवशी आलं. मशीन छान चाललं. मी ग्लास भरून नेला. त्याने एक घोट घेतला, बरो आसा म्हणाला आणि ग्लास खाली ठेवला. त्या दिवसापासून त्याच्या पोटात काही ठरलं नाही. पंधरा दिवसांत तो गेला. डॉक्टर म्हणाले, एवढेच दिवस होते, तुम्ही काही केलं असतं तरी फरक पडला नसता. ते खरंच असणार.

जुन्या सहकाऱ्यांना विचारलं. कुणी म्हणालं काटा बिघडला असेल, कुणी म्हणालं व्हॉल्व्ह अडकला असेल. काटा मी तपासला होता. आणि व्हॉल्व्ह एकाच माणसाच्या हाताला कसा सुटेल? तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर जरूर कळवा, मी मनापासून ऐकेन.

पण त्या गॅसचा उलगडा झाला तरी मला विचारायचं आहे ते वेगळंच आहे. मी त्या सकाळी गप्प राहिलो असतो, तर दादाने आणखी किती दिवस सोडा प्यायला असता? हे मी फिलोमिनाला एकदाच विचारलं. ती म्हणाली, "माका विचारू नकात." तेव्हापासून विचारलेलं नाही.