असली, पक्का असली आणि उतईची

मी नेमकं काय काम करते हे आमच्या घरात कुणाला कधी नीट सांगता आलं नाही. लग्नात कुणी विचारलं की आई म्हणायची, "कम्प्युटरमधी आहे," जणू मी तिथेच राहते. बाबा जरा जास्त सांगायचे, "फायली ओळखते." मग समोरचा गृहस्थ तहसीलमधल्या फायली समजायचा आणि जेवणं आटोपली की आपल्या अडकलेल्या फेरफाराचं प्रकरण घेऊन माझ्या शेजारी येऊन बसायचा.

तसं बाबांचं काही चुकत नव्हतं. दुर्गच्या पद्मनाभपुरातल्या एका लहानशा कंपनीत मी फायलीच ओळखते. ग्राहकाच्या मशीनवर कोणकोणती सॉफ्टवेअरं आहेत, ती बनवणाऱ्यानं दिली तशीच आहेत की मधे कुणी हात घातलाय, हे तपासायचं. फाइलच्या नावावर विसंबून चालत नाही, नाव कुणीही बदलू शकतं. म्हणून आतला सगळा मजकूर एका गणितातून काढतात आणि त्यातून आकड्या-अक्षरांची एक लांब ओळ निघते. तिला हॅश म्हणतात. मी घरी ठसा म्हणायचे. तीच फाइल कुठल्याही गावी, कुठल्याही मशीनवर नेली तरी ठसा तोच. आत एक टिंब हललं की सगळा ठसा वेगळा. ठाऊक असलेल्या सॉफ्टवेअरचे ठसे आधीच साठवलेले असतात, त्यांच्याशी जुळवून पाहिलं की ही फाइल कोणती ते कळतं.

हे मी बाबांना पहिल्यांदा समजावलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे हीट नंबर." बाबांची सगळी नोकरी पोलाद कारखान्यात, रूळ बनवणाऱ्या रेल मिलमध्ये गेली. तिथे प्रत्येक रुळावर तो भट्टीच्या कुठल्या घाण्यातून निघाला याचा नंबर ठोकलेला असतो.

"नाही बाबा. तो नंबर बाहेरून ठोकता. हा आतूनच निघतो."

बाबांनी विचार केला. "मंग कावून त्याले ठसा म्हणून राहिली? ठसा तर बाहेरून मारतेत."

मी तरीही ठसाच म्हणत राहिले.

रिटायर झाल्यावर बाबांनी कम्प्युटरचा कोर्स केला आणि आमच्या सेक्टरमधल्या बुद्धविहाराच्या वाचनालयातला कम्प्युटर आपसूक त्यांच्या ताब्यात आला. फाइल घरात आली की तिचं बारसं करायची त्यांना भारी हौस. 'असली', 'असली नवीन', 'पक्का असली', 'हात लावू नये'. एकदा 'फेकून देणे' नावाच्या फोल्डरमध्ये माझ्या लग्नाचे सगळे फोटो सापडले. विचारलं तर म्हणाले, "अशा नावाच्या फोल्डरले कोणी हात लावत नाही."

या कामात त्यांचे जोडीदार चरोद्याचे काका. काका रेल्वेत गार्ड होते, चरोद्याला रेल्वे यार्डाशेजारी राहायचे. आमची दोन्ही घरं मूळची भंडाऱ्याकडची, त्यामुळे मी जन्मायच्या आधीपासून एकमेकांकडे जाणं-येणं. विहाराची स्मरणिका दरवर्षी हे दोघे मिळून टाइप करायचे. त्यासाठी देवनागरी टायपिंगचं एक जुनं, फुकट मिळणारं पॅकेज होतं. त्याची नवी आवृत्ती त्या म्हाताऱ्या कम्प्युटरवर चालत नव्हती, आणि दुसऱ्या कुठल्या कीबोर्डवर या दोघांची बोटं चालत नव्हती. एकदा मी मोबाइलवर बोलून टाइप करायचं दाखवलं. काकांनी पूर्ण परिच्छेद सांगितला आणि मोबाइलनं तो हिंदीत लिहिला. "पाह्य, यालेही मराठी येत नाही," काका म्हणाले. "तुह्या पोरायसारखं झालं हे." माझी मुलं घरात मराठी बोलता बोलता अर्ध्यातून हिंदीत शिरतात.

त्या वर्षी कम्प्युटर फारच रखडायला लागला म्हणून दुकानातून पूर्ण साफ करून आणला. आता टायपिंगचं पॅकेज पुन्हा टाकायचं होतं. बाबांनी आपली 'पक्का असली' आणली, काकांनी आपला पेनड्राइव्ह आणला, आणि विहाराच्या ओट्यावर दोघांची जुंपली. बाबांचं म्हणणं, काकांची फाइल रेल्वेच्या डब्यासारखी, कोणकोण बसून गेलं याचा पत्ता नाही. काकांचं म्हणणं, असलीला 'पक्का असली' असं नाव देण्याची गरजच काय? शेवटी कमिटीच्या अध्यक्षीणबाईंनी काकांची टाकायला सांगितली. बाबांनी ती तोंड पाडून टाकली. काही दिवस सगळं सुरळीत चाललं.

मग एका रविवारी भंतेजी आले. वंदना झाली, चहा झाला, आणि बाबा त्यांना मोठ्या कौतुकानं वाचनालय दाखवायला घेऊन गेले. त्यांनी स्मरणिकेचं मुखपृष्ठ पडद्यावर उघडलं तोच त्याच्यावर एक चौकट उगवली: दुर्ग की अकेली महिलाएँ आपसे बात करना चाहती हैं. बाबांनी घाईघाईनं ती बंद केली. तिच्या जागी दोन उगवल्या. एका बाईनं तर हातही हलवला. सगळं वाचनालय जमिनीकडे पाहू लागलं. भंतेजींनी मात्र शांतपणे शेवटच्या शब्दापर्यंत वाचून घेतलं आणि म्हणाले, "फार दुःख आहे जगात."

लोक निघून गेल्यावर बाबांनी चार माणसांसमोर काकांना सुनावलं, "चरोद्याच्या पेनड्राइव्हनं घात केला. मी आधीच सांगत होतो."

काकांनी पेनड्राइव्ह खिशात घातला आणि स्कूटर काढली. पुढच्या रविवारी ते आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. बाबा 'बरं झालं' म्हणाले आणि एकटेच टाइप करू लागले. पण काका वाचून दाखवायचे आणि बाबा टाइप करायचे अशी दोघांची रीत असल्यामुळे काम पुढे सरकेना. ओळ वाचायची, मान वळवायची, तोवर ओळ विसरायची. इकडे आई आणि काकू रोज दुपारी फोनवर बोलत होत्या आणि आपापल्या नवऱ्यांना त्याचा सुगावा लागू देत नव्हत्या.

एक दिवस आईनं मला धरलं. "तू हापिसात लोकायच्या फायली पाह्यतं. घरची पाहून देशीन तर हात झिजन का तुहा?"

झिजणार नव्हता. दुपारी मी बाबांपासून सुरुवात केली. पॅकेज बनवणाऱ्यांनी जुनी आवृत्ती आपल्या साइटवरून काढून टाकली होती, पण तिचा ठसा अजून तिथे लिहिलेला होता. 'पक्का असली'चा ठसा काढला आणि दोन्ही ओळी वर-खाली ठेवल्या. पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत जुळल्या.

बाबा खुर्चीत मागे रेलले. "सांगून दे त्याले."

"काय सांगू?"

"काही नाही. नुसतं सांगून दे."

मी लॅपटॉप घेऊन चरोद्याला गेले. काकांचं स्वागत थंड होतं, काकूंचं नव्हतं. तिखट पोहे माझी वाट पाहत होते. काकांनी पेनड्राइव्ह काढून दिला आणि स्वतः खिडकीशी जाऊन यार्डाकडे पाहत उभे राहिले, निकालाशी आपला काही संबंध नाही असे. ठसा निघाला. मी बाबांच्या फाइलचा ठसा शेजारी ठेवला.

"काका, इकडे पाहा."

ते आले, चष्मा चढवला, बोट ठेवून एकेक अक्षर वाचत गेले. वाटेत कुठे चूक सापडेल या आशेनं असावं, कारण अर्ध्यावर थांबून पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"हे दोन्ही एकच आहे?"

"एकच. नाव वेगळं आहे, तेवढंच. आणि दोन्ही असली आहेत. बनवणाऱ्याच्या ठशाशी जुळतात."

काका म्हणाले, "म्हणजे त्याची पण असली निघाली." आपली खरी निघाल्याच्या आनंदापेक्षा बाबांची खोटी न निघाल्याचं दुःख मोठं होतं.

काकू आतून म्हणाल्या, "दोघायचीही असली, मंग त्या बाया कोठून आल्या?"

प्रश्न बरोबर होता. संध्याकाळी मी विहारात गेले आणि कम्प्युटर धुंडाळला. काकांची फाइल होती तिथेच होती. तिच्या खाली त्याच पॅकेजच्या नावाची आणखी एक फाइल निघाली. नाव तंतोतंत, चित्र तंतोतंत. ठसा काढला तर ओळ कुठेच जुळेना. बनवणाऱ्याच्या कुठल्याच आवृत्तीशी नातं नाही. ठसा न जुळणं म्हणजे फाइल वाईटच असं नसतं, एवढंच कळतं की ही ती नव्हे. म्हणून तो ठसा मी इंटरनेटवरच्या एका सार्वजनिक भांडारात शोधला, जिथे जगभरच्या तपासलेल्या फायलींचे ठसे असतात. तिथे मात्र तिची चांगलीच ओळख निघाली. पॅकेजच्या पोटात जाहिराती भरून कुणीतरी ते पुन्हा शिवलं होतं, आणि तिच्याविषयी तक्रारींची रांग लागलेली होती.

"बाबा, ही कुणाची?"

बाबांनी पाहिलं आणि त्यांचा चेहरा बदलला. "ते तर सरायची आहे."

सर म्हणजे उतई गावचे सर. शाळेतून निवृत्त, विहाराच्या प्रत्येक कार्यक्रमात भाषण, आणि गेल्या वर्षीच्या भाषणाचा विषय होता 'इंटरनेटवर सावध कसे राहावे'. काकांची फाइल टाकल्यानंतर सर एकदा आले होते, 'माझ्याकडे ताजी आहे' म्हणाले होते, आणि बाबांनी आदरानं तीही वरून टाकली होती.

"मग हे तुम्ही त्या दिवशी का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"सरायची कशी खराब असन गा?" घाबरले की बाबा मलाही मुलासारखं 'गा' म्हणायचे. "त्यायनं स्वतःच्या हातानं देली."

घरी येऊन मी आईला सांगितलं. तिनं बाबांना चांगलंच सुनावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून चरोद्याला जायला तयार झाले. 'मी फक्त ठशाचा कागद देऊन येतो' म्हणाले. मलाही सोबत नेलं, साक्षीदार म्हणून.

काका दारातच होते. जय भीम झाला. मग दोघे समोरासमोर बसले आणि हवापाण्यावर बोलू लागले. यार्डातल्या गर्दीवर बोलले. काकांच्या गुडघ्यावर बोलले. मी आणि काकू दाराआड उभ्या होतो. शेवटी बाबा म्हणाले, "आपल्या दोघायची फाइल एकच निघाली."

"हाव. सांगतलं पोरीनं."

"मंग तुही खराब नव्हती."

"तुहीही नव्हती."

"माही कोणी म्हटली होती खराब? तुहीले म्हटलं होतं. चार लोकायसमोर." बाबांना पुढचा शब्द सापडेना. "ते... नव्हतं म्हणायले पाह्यजे."

काका चष्मा पुसू लागले. बराच पुसला. "भारीच माणूस आहेस गा तू," ते म्हणाले. "भंतेजीले त्या बाया दाखवल्या आणि नाव माहं घेतलं." आणि मग त्यांना हसू फुटलं. बाबांना सुटल्यासारखं झालं, तेही हसू लागले. काका हात हलवणाऱ्या बाईची नक्कल करायला लागले तेव्हा काकूंनी आतून दटावलं.

मी विहाराचा कम्प्युटर साफ केला आणि काकांचीच फाइल टाकली. बाबांनी त्याला हरकत घेतली नाही, फक्त तिचं नाव बदलून 'दोघांची' ठेवलं.

राहिले सर. त्यांना सांगायचं कुणी? बाबा काकांकडे पाहत, काका बाबांकडे. मीच उतईला गेले. मला वाटलं होतं सर रागावतील. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, एका जुन्या विद्यार्थ्यानं दिलेली फाइल होती असं कबूल केलं, आणि म्हणाले, "हे ठशाचं मले शिकव." दुपार गेली, पण शिकले. मला मात्र पुढे काय वाढून ठेवलंय हे कळलं नव्हतं. सर हाती लागेल त्याचा ठसा काढू लागले. पंचांग, लग्नाचे बायोडेटा, नातवाचं प्रगतिपुस्तक. एकदा त्यांनी पंचायतीला लिहिलेल्या नालीच्या तक्रारीचा ठसा भांडारात शोधला आणि मला फोन केला, "तुही मशीन माह्या पत्राले 'अनोळखी' म्हणून राहिली. मी स्वतः लिहिलं आहे ते!"

"सर, ते तुमच्या एकट्याकडेच आहे म्हणून अनोळखी."

"म्हणजे चांगलं की वाईट?"

"तेवढं तिला कळत नाही, सर."

"मंग तिचा उपयोग का?" सरांनी फोन ठेवला. थोड्या वेळानं पुन्हा केला. स्मरणिकेसाठी ते या विषयावर लेख लिहिणार होते.

लेख आला. मोठा होता आणि चांगला होता. शेवटी सरांची अट होती: एका नमुना फाइलचा पूर्ण ठसा छापायचा, म्हणजे वाचक स्वतः पडताळून पाहतील. त्या रविवारी आई आणि काकू विहाराच्या ओट्यावर पालक निवडत होत्या, मी त्यांच्यात होते. आत काका एकेक अक्षर वाचत होते आणि बाबा टाइप करत होते. मग काकांचा आवाज चढला. कागदावरचं एक अक्षर इंग्रजी बी आहे की आठ, यावर दोघांचं एकमत होत नव्हतं. सरांची फाइल माझ्या लॅपटॉपवर होती, उठून सांगणं सोपं होतं.

आईनं माझ्यासमोर पालकाची आणखी एक जुडी टाकली. "राहू दे वो," ती म्हणाली. "लय दिवसांनी भांडून राहिले."